मोठी माय गेली, सातबारा उरला

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज इथे खताची मात्रा नाही की बोंडअळीचा बंदोबस्त नाही. आज एका म्हातारीची गोष्ट सांगायची आहे. ही म्हातारी तुमच्या ओळखीची नाही, पण वाचून झाल्यावर तुम्ही म्हणाल की अरे, ही तर आपल्याच गल्लीतली. गावचा कारभार पाहणाऱ्या भाऊसाहेबांनीही ही गोष्ट जरा सवडीने वाचावी. त्यांच्या दप्तराशी तिचा संबंध आहे.

ती माझ्या बायकोची आजी, म्हणजे नात्याने माझी आजेसासू. घरात लहानथोर सगळे तिला मोठी माय म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. २०२५ च्या जानेवारीत, ऐन पौषाच्या थंडीत ती गेली. वय नेमके किती, ते कुणालाच सांगता आले नाही. जन्मतारीख विचारली की ती म्हणायची, "रझाकाराच्या वक्ताला मी नवी नवरी व्हते." १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अॅक्शन झाली आणि निजामाचे राज्य गेले. तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची धरली, तर नव्वदी ओलांडलेली होती.

मी पेशाने मास्तर, आता निवृत्त. जावई होऊन त्या घरात गेलो त्याला पस्तीस वर्षे झाली. पहिल्या धोंड्याच्या महिन्यात गेलो तेव्हा पाटावर बसवून सगळ्यांनी कौतुक केले. मोठी माय मात्र ओट्यावर बसून कणसे निवडत होती. मला म्हणाली, "जावईबापू, मास्तर हायेत ना तुमी? मंग सांगा, यातलं बियाचं कणीस कोन्तं?" मी सगळ्यांत मोठे कणीस उचलले. ती हसली. म्हणाली, "हे बांधाकडचं हाय. याला एकट्याला खत-पानी भेटलं, म्हनून फुगलं. बी धरावं ते मधल्या तासातलं, दाटीत वाढलेलं." शेतकी शाळेत जे शिकवतात, ते ती अक्षर न शिकता सांगत होती. कडेच्या झाडाचे बी धरू नये, हा निवड पद्धतीचा पहिलाच धडा आहे.

गंगथडीचे गाव

मोठ्या मायचे सासर गंगापूर तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. आपल्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. काठची ती काळी, भुसभुशीत जमीन. रब्बीचा जोंधळा तिथे पाण्याशिवाय पुरुषभर वाढायचा, असे ती सांगे. नवऱ्याच्या नावाने बारा एकर रान होते. नांगरट आणि पेरणी गड्यांची. पण निंदणी, खुरपणी, राखण, काढणी, खुडणी, मळणी, उफणणी आणि वर घरचे दळण-कांडण एवढे सगळे बायांचे. बी तिच्या ताब्यात. कडधान्याला राख चोळून कणगीत भरायचे, मध्ये लिंबाचा वाळलेला पाला घालायचा. भोपळ्याच्या, दोडक्याच्या बिया राखेत घोळून गाडग्यात. तिच्या घरात बी विकत आणायची वेळ संकरित वाण येईपर्यंत आली नव्हती.

मग धरण आले. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला पायाभरणी झाली. धरण व्हायचे होते खाली बीड जिल्ह्यात जायकवाडी गावापाशी, ते झाले पैठणला, पण नाव मात्र जायकवाडीच राहिले. १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आज आपल्या शहराला पाणी, वाळूजच्या कारखान्यांना पाणी, खालच्या जिल्ह्यांच्या उसाला पाणी ते याच नाथसागराचे. पण त्या पाण्याखाली शंभरावर गावांची शिवारे गेली. त्यात मोठ्या मायचे गाव होते.

गाव उठून वर माळाला आले. नाव तेच, जमीन दुसरी. मोबदला मिळाला तो खातेदाराला, म्हणजे तिच्या नवऱ्याला. त्यातून माळाची सात एकर हलकी जमीन घेतली. मुरमाड. तिथे बाजरी, मटकी, थोडी तूर. काळ्या रानाची बाई माळरानावर आली. बैलगाडीत सामान भरले तेव्हा तिने घरातले जाते काढून घेतले आणि बियाची गाडगी मांडीवर धरली, असे माझे सासरे सांगतात. ते तेव्हा पोरसवदा होते.

मस्टरवरचे नाव

त्यात १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला, त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिला, त्यांनी घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारावे. आधीचे साल कमी पावसाचे, आणि बहात्तरला पाऊस असा काही झालाच नाही. चारा नाही म्हणून लोकांनी दावणीची जनावरे सोडून दिली. सरकारने कामे काढली. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामावर होती. अमेरिकेचा लाल मिलो खायला आणि लेकरांना सुकडी. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळात कसाला लागली. पुढे १९७७ ला तिचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला, आणि पुढे सगळ्या देशाने ती उचलली.

मोठी माय खडीवर होती. तान्हे पोर लिंबाच्या फांदीला झोळीत टांगून ती दगड फोडायची. त्या दिवसांबद्दल ती बोलायला लागली की दुःखाचे बोलेल असे वाटायचे. पण तिचा चेहरा उजळायचा. कामून, ते ऐका.

"तवर मला कोनी नावानं हाक मारली नव्हती. म्हायेरात पोरगी, सासरी अमक्याची मंडळी, मंग अमक्याची माय. खडीवर मुकादम मस्टर वाचायचा. त्यात मपलं नाव व्हतं. सगळ्या मानसांत मोठ्यानं नाव घ्यायचा, अन् मी म्हनायची, हाजर. हप्त्याला पैसे भेटायचे ते मपल्या हातात. मपला आंगठा."

ही गोष्ट मी तिच्या तोंडून दहा वेळा तरी ऐकली असेल. दहाही वेळा 'हाजर' म्हणताना ती मान ताठ करायची.

मी दिलेले उत्तर

आता जे सांगतो, ते सांगायला मला जड जाते. पण त्यासाठीच हा लेख आहे.

तिचा नवरा, म्हणजे माझे आजेसासरे, १९८३ ला वारले. २००८ साली कर्जमाफी आली आणि जो तो सातबारा काढायला लागला. तुम्हाला ते दिवस आठवत असतील. मी सुट्टीत सासरी गेलो होतो. ओट्यावर मोठ्या मायने एक कागद माझ्या हातात दिला. "जावईबापू, तुमी शिकलेले. ह्या कागदात मपलं नाव हाय का, वाचून दाखवा."

मी कागद पाहिला. कब्जेदाराच्या रकान्यात दोन नावे होती. माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ. मोठ्या मायचे नावही होते, पण पार तिकडे, 'इतर हक्क' या रकान्यात. अमुक भ्रतार अमुक, आणि खाली तिच्या तीन लेकींची नावे. जिथे सोसायटीचा बोजा लिहितात, विहिरीतला हिस्सा लिहितात, तिथे या चौघी. नवरा गेल्यावर वारसाची नोंद करताना पोरांना कब्जेदारात घ्यायचे आणि विधवेला व लेकींना इतर हक्कात टाकायचे, ही तेव्हाची सर्रास रीत. कित्येक ठिकाणी तर थोरल्या भावाचे एकट्याचेच नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागायचे.

वास्तविक कायदा काय सांगत होता? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मागे बायको, मुलगे, मुली हे सगळे एकाच पायरीचे वारस. जेवढा हक्क पोराचा, तेवढा विधवेचा. ती इतर नव्हती, मालकीण होती.

हे मला माहीत होते. मी मास्तर होतो, वर्तमानपत्र वाचत होतो. पण सोयऱ्याने सोयऱ्याच्या सातबाऱ्यात बोट घालू नये, असे माझ्या मनाने घेतले. समोर सासरे बसलेले. उगीच जावयाने आग लावली असे व्हायला नको. मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "आहे की माय. नाव आहे तुमचं."

तिने कागद कपाळाला लावला आणि आत पेटीत ठेवला.

बांध दाखवणारी म्हातारी

२०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचे पाणी पार मृतसाठ्यात गेले. मृतसाठा म्हणजे सुमारे २६ टीएमसी, जो धरणातून आपोआप कालव्यात येत नाही. पाणी मागे हटले आणि जुनी शिवारे उघडी पडली. मोठ्या मायने हट्ट धरला, मला गाव दाखवा. मी आणि माझा मेहुणा तिला ट्रॅक्टरवर घेऊन गेलो. गाळाला भेगा पडलेल्या, मधूनच कुणी गाळपेर केलेली. चाळीस वर्षे पाण्याखाली राहिलेल्या जागेत मला तर सगळीकडे सारखेच दिसत होते.

ती देवळाच्या चौथऱ्यापाशी उतरली. काठी टेकत पावले मोजत चालू लागली. इथे पाटलाचा वाडा, इथे बारव, इथून आमची वाट. मग एका ठिकाणी थांबली. "हा मपला बांध. वर भावकीचं, खाली आपलं. इथं बाभूळ व्हती." मेहुण्याने काठीने गाळ उकरला तर खाली खरेच दगडांची रांग लागली. बारा एकराच्या चारी दिशा तिने आम्हाला चालून दाखवल्या. कुठे पाणथळ, कुठे चोपण, कुठल्या तासाला जोंधळा आधी पिकायचा, सगळे.

मी कौतुकाने म्हणालो, "माय, मोजणीवाल्यालाही नाही जमणार हे." ती म्हणाली, "मला कागुद न्हाई लागत, जावईबापू. अन् कागदाला मी न्हाई लागत."

मला वाटले, म्हातारीच्या बोलण्याची ही एक पद्धत. मी हसलो.

पेटीतला कागद

ती गेल्यानंतर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बायांनी तिची पेटी उघडली. दोन नऊवारी, चांदीची जोडवी, जोंधळ्याच्या बियाचे पुरचुंडे, आणि घडी घालून घालून चिरत आलेला तो सातबारा. २००८ चा. मी म्हणालो, "हा अजून ठेवला होता?"

तेव्हा माझ्या चुलत सासूबाईंनी सांगितले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. आपल्या जिल्ह्यात गहू झोपला, मोसंबी-डाळिंब झडले, हे तुम्ही विसरला नसाल. मदत जाहीर झाली. मोठी माय हा कागद घेऊन, कुणाला न सांगता, एकटी चावडीवर गेली. आपल्या हिश्शाचे पैसे आपल्या हातात यावेत, खडीवर यायचे तसे, एवढेच तिचे म्हणणे. तिथल्या माणसाने कागद वाचला आणि नीटच सांगितले, आजी, तुमचे नाव कब्जेदारात नाही, मदत खातेदाराला मिळते. त्याचे काही चुकले नाही. लिहिले होते ते त्याने वाचले. जे मी सहा वर्षांपूर्वी वाचून दाखवायला हवे होते, ते त्याने वाचून दाखवले.

ती घरी आली, कागद पेटीत ठेवला आणि भाकरी थापायला बसली. कुणाला काही बोलली नाही. चुलत सासूबाईंनाही दोन वर्षांनी सांगितले, ते सुद्धा "जावयाला सांगू नको, त्याला वाईट वाटंल" असे बजावून.

म्हणजे २०१६ ला ती माझ्यासोबत ट्रॅक्टरवर बसली, तेव्हा तिला माहीत होते की मी तिला अर्धेच सांगितले होते. नंतरही नऊ वर्षे मी जाऊन तिच्या पाया पडत होतो आणि ती माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवत होती. माझ्या तोंडावर तिने ते कधी काढले नाही.

तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायची, यासाठी गावोगाव चावडी वाचन झाले. आमच्याही गावात मयतांची यादी वाचली. मी मुद्दाम गेलो होतो. यादी संपली. मेलेल्या खातेदारांतही मोठ्या मायचे नाव आले नाही. कारण खातेदार ती कधी नव्हतीच. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत मात्र ते बिनचूक लिहिले होते.

तुम्ही काय करायचे?

आता रडगाणे पुरे. बंधूंनो, घरात म्हातारी असेल, आणि नसेल तरी बायको असेलच, तर एवढे करा.

पहिले. आजच आपला सातबारा काढा आणि मोठ्याने वाचा. घरातल्या बायांना बसवून वाचा. कुणाचे नाव कब्जेदारात आहे आणि कुणाचे इतर हक्कात, ते त्यांना कळू द्या. 'नाव आहे' एवढ्यावर सोडू नका. कोणत्या रकान्यात आहे, ते सांगा.

दुसरे. घरात मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. जमिनीच्या वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्या. हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण काम तेच. 'ई-हक्क'वरून घरबसल्याही अर्ज करता येतो. अर्जात सगळे वारस लिहा. आई, बायको, मुलगे आणि मुली. लग्न झालेली मुलगीही वारसच. आपल्या राज्याने १९९४ ला आणि देशाने २००५ ला वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हिस्सा दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला.

तिसरे. सुतकात लेकी-बहिणींकडून हक्कसोडीच्या सह्या मागू नका. जिला आपखुशीने सोडायचे ती वर्षाने सोडेल. डोळे पुसणाऱ्या बाईच्या हातात पेन देणे बरे नाही. मागाहून तेच प्रकरण कोर्टात उभे राहते.

चौथे, आणि हे सगळ्यांत सोपे. मरणाची वाट न पाहता बायकोचे नाव लावा. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली 'लक्ष्मी मुक्ती'चे काम हाती घेतले होते. पुढे १९९२ ला सरकारने परिपत्रक काढून ते मान्य केले. नवऱ्याने स्वतःहून अर्ज दिला तर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागते. इतक्या वर्षांत आपल्या गावात किती जणांनी तो अर्ज दिला, ते ज्याचे त्याने पाहावे.

आणि भाऊसाहेब, तुम्हाला एक विनंती. वारसाचा फेरफार लिहिताना 'मुली आहेत का?' हे तुम्ही स्वतः विचारा. विधवेचे नाव इतर हक्कात पडले असेल तर ते तिला समजेल अशा बोलीत सांगा. तुमच्यासाठी ती एक ओळ आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात सरकारी कागदोपत्री आईचे नाव आधी लागते. लेकराच्या नावात आई आली, मग रानाच्या कागदात यायला काय हरकत आहे?

शेवटचे

चावडी वाचनाच्या त्या संध्याकाळी मी सासऱ्यांपुढे बसलो. आयुष्यात पहिल्यांदा सोयऱ्याच्या सातबाऱ्यात बोट घातले. २००८ ला मी काय बोललो आणि काय बोललो नाही, ते त्यांना सांगितले. ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही वाचलं नाही, हे खरं. पण मी तर तिच्या पोटचा. मलाही माहीत होतं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्या सासूबाईंच्या नावासाठी लक्ष्मी मुक्तीचा अर्ज दिला. तिन्ही आत्यांची नावे इतर हक्कातून कब्जेदारात घ्यायची बोलणी सुरू आहेत. धाकटे चुलते अजून राजी नाहीत. खोटे कशाला सांगू?

पुरचुंड्यातले जोंधळ्याचे बी आम्ही त्याच वर्षी रब्बीला चार तास लावून पाहिले. दोन-तीन साले जुने असावे, पण बरे उगवले. मधल्या तासातली कणसे धरून ठेवली आहेत. नवा सातबारा आला, की तो सासूबाईंना मी वाचून दाखवणार आहे. सगळे रकाने.